डोहाळजेवणाच्या केकला घाम सुटतो तेव्हा

केक घरून निघतो तेव्हा उत्तम असतो. हॉलवर पोचून जेमतेम अर्धा तास होतो आणि हिरव्या साडीतली फाँडंटची, म्हणजे मळून आकार देता येणाऱ्या साखरेच्या गोळ्याची, आईची पुतळी चकाकायला लागते. बोट लावावं तर चिकट. पदराचा हिरवा खालच्या पांढऱ्या क्रीमवर उतरलेला. ओटी भरून होईपर्यंत पुतळीची मान एका बाजूला कलते, आणि केक कापायला सगळे गोळा होतात तेव्हा तिच्याकडे बघवत नाही. मुंबई, ठाणे, वसई, अलिबाग, चिपळूण, गोवा, जिथे हवेत ओल आहे तिथल्या घरगुती बेकर्सची ही कायमची तक्रार. पावसाळ्यात ती दर शनिवार-रविवारी ऐकू येते.

अशा वेळी पहिला संशय फाँडंटवर जातो. मग कंपनी बदलली जाते, मग क्रीम बदललं जातं, मग कोणीतरी सांगतं म्हणून सीएमसी, म्हणजे फाँडंट कडक करणारी पावडर, दुप्पट पडते. पुढच्या ऑर्डरला पुन्हा तेच. मी ठाण्यात राहून हे केक करते आणि माझं म्हणणं स्पष्ट आहे: दहातल्या बहुतेक वेळा माल चांगलाच असतो, केक थंडीतून दमटात कसा नेला यात सगळं बिघडतं. त्यामुळे नवा डबा विकत घेण्याआधी पुढचं वाचा.

आधी पाणी कुठलं ते ओळखा

वरून एकसारखी दिसणारी तीन वेगवेगळी दुखणी आहेत, आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट जातात. ओळखायचं वेळेवरून. फ्रिजमधून काढताना केक कोरडा होता आणि दहा-वीस मिनिटांत चकाकला, तर पाणी बाहेरच्या हवेतलं आहे. फ्रिजचं दार उघडलं तेव्हाच फाँडंट मऊ आणि ओलसर होतं, तर ओल आतून, म्हणजे खालच्या क्रीममधून आली आहे. वर सगळं कोरडं ठाक आहे पण केकची कड फुगली, वरचा भाग सरकला किंवा केक तिरका झाला, तर दोष स्पंज, सोकिंग (थरांवर ओतलेलं दूध किंवा पाक) किंवा आधार यांत आहे. हे न बघता उपाय सुरू केले की वेळ आणि पैसे दोन्ही जातात.

बाहेरचं पाणी

हेच सर्वांत जास्त घडतं, म्हणून इथे जरा थांबते.

फ्रिजमधून काढलेल्या पाण्याच्या बाटलीवर बाहेरून थेंब जमतात, तसंच केकवर होतं. हवेतली वाफ एका ठरावीक तापमानाखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी होऊन बसते. त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. मुंबईत ३२ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तेव्हा हा दवबिंदू सुमारे २७ अंशांवर असतो. म्हणजे २७ अंशांहून थंड असलेली प्रत्येक वस्तू ओली होणार. आपला केक फ्रिजमधून निघतो ४-५ अंशांवर. तो २७ अंशांपर्यंत गरम होईस्तोवर पाणी ओढतच राहतो, आणि मधलं क्रीम गार असल्यामुळे त्याला चांगला तास-दीड तास लागतो. साखर ओल शोषून घेतेच. फाँडंट म्हणजे जवळपास सगळी साखर, वर त्यात मऊपणासाठी घातलेलं ग्लिसरीन, तेही ओल धरून ठेवणारं. जमलेलं पाणी साखर विरघळवतं, पाकाचा पातळ थर तयार होतो, त्यात रंग सुटतो आणि वाट मिळेल तिकडे उतरतो.

पुण्यात एप्रिलच्या दुपारी ३६ अंश तापमान आणि २५ टक्के आर्द्रता असते तेव्हा दवबिंदू १३ अंशांच्या आसपास येतो. तिथे तोच केक मिनिटभर चकाकतो आणि वाळतो. पुण्याच्या बेकरने सांगितलेली युक्ती डोंबिवलीत का चालत नाही, याचं उत्तर इथेच आहे. विदर्भात मे महिन्यात तर उलटीच अडचण येते, फाँडंट लाटता लाटता सुकतं आणि त्याला भेगा पडतात. कॅनडा-अमेरिकेत हिवाळ्यात हीटर लावलेल्या घरात डोहाळजेवण करणाऱ्यांनाही भेगांचाच त्रास होतो. तिथे फाँडंट झाकून ठेवणं आणि मळताना हाताला थोडं वनस्पती तूप लावणं एवढं पुरतं. हे लिखाण दमटातल्यांसाठी आहे.

उपाय दोन, आणि दोन्ही केले तर त्रास जवळपास संपतो.

पहिला: पुतळी फ्रिजमध्ये जाताच कामा नये. आई, पाळणा, चंद्र, धनुष्यबाण, बाळाचे मोजे, जे काही फाँडंटचं उभं काम असेल ते वेगळ्या डब्यात, खोलीच्या तापमानाला, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवायचं आणि हॉलवर पोचल्यावर केकवर बसवायचं. पुडी फाँडंटला चिकटून नको, डब्याच्या कोपऱ्यात वाटीखाली झाकून ठेवा. पुतळी थेट क्रीमवर बसवली तर बुडाकडून ओल चढते, म्हणून कंपाउंड चॉकलेटची (कोको बटरऐवजी वनस्पती चरबी असलेल्या चॉकलेटची) पातळ चकती बटर पेपरवर आदल्या दिवशी ओतून ठेवते. केकवर आधी चकती, चकतीवर पुतळी. केक कापताना चकतीसकट उचलली की पुतळी अख्खी निघते.

दुसरा उपाय बॉक्सचा. केक पुठ्ठ्याच्या बॉक्समध्ये ठेवून बॉक्स फ्रिजमध्ये. बाहेर काढण्याआधी, फ्रिजचं दार उघडं असतानाच, तो बॉक्स मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं, किंवा चारही बाजूंनी क्लिंग रॅप गुंडाळायचं. मग बाहेर आणायचा. आता दव बसतं ते प्लास्टिकवर. पाणी ओघळताना दिसतं, हात ओले होतात, आत केक कोरडाच असतो. हा बॉक्स एसी असलेल्या खोलीत, न उघडता, अर्ध्या किलोच्या केकला तासभर आणि दोन मजली केकला दोन तास तरी राहू द्यायचा. २४ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता असलेल्या एसी खोलीत दवबिंदू १४-१५ अंशांवर येतो, त्यामुळे केकला तिथवरच गरम व्हायचं असतं. प्लास्टिक पुसून मगच उघडा. घाईने पिशवी सोडून आत डोकावलंत तर सगळी मेहनत वाया जाते, दमट हवा लगेच आत शिरते.

ही पद्धत नॉनडेअरी (दुधाऐवजी वनस्पती चरबीच्या) व्हिप क्रीम आणि गनाशच्या, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमच्या घट्ट मिश्रणाच्या, केकला. दुधाच्या खऱ्या क्रीमचा, रसमलाईचा किंवा ताज्या खव्याचा केक असेल तर तो इतका वेळ बाहेर ठेवू नका. खाणारी बाई सात महिन्यांची गरोदर आहे हे आपण क्षणभरही विसरायचं नाही. असा केक फ्रिजबाहेर सगळा मिळून दोन तासांच्या वर नको, कडक उन्हाळ्यात तर तासाभराच्या वर नको. त्यावर फाँडंटचं काम घेऊच नये. क्रीमची फुलं, चॉकलेटची सजावट घ्या, किंवा पुतळी शेजारी बोर्डवर बसवा. ग्राहक जरा नाराज होतील, समजावून सांगितलं की ऐकतात.

हॉलवर काय चालतं ते विचारा

केक किती वेळ उघडा राहणार आहे, हे बहुतेक जणी विचारतच नाहीत. डोहाळजेवणाचं बोलावणं पाचचं असतं. पाहुणे सहाला येतात, मग फुलांची वाडी चढवायची, ओटी, औक्षण, झोपाळ्यावरचे फोटो, उखाणे, पेढा की बर्फी, कोणी डोहाळे म्हणतं. केकची पाळी येते आठ वाजता. आणि केक मांडलेला असतो साडेपाचलाच, झोपाळ्याच्या शेजारी, डेकोरेटरच्या फोकसखाली. वर औक्षणाच्या वेळी निरांजन विझू नये म्हणून पंखे बंद होतात आणि ते पुन्हा लावायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. चाळीस माणसं, बंद पंखे आणि गरम दिवे. तिथे कुठलाच केक टिकणार नाही.

म्हणून ऑर्डर घेतानाच विचारा: हॉलला एसी आहे का, फ्रिज आहे का, केक कितीला कापणार, तिथे ताब्यात कोण घेणार. आत्या, काकू, मावशी, कोणाचं तरी एकीचं नाव आणि नंबर घ्या आणि त्यांनाच सांगा की बॉक्स कापायच्या आधी अर्धा तास उघडायचा. होणाऱ्या आईच्या नवऱ्याला सांगून उपयोग नसतो, तो त्या दिवशी गाड्यांच्या पार्किंगपासून जेवणाच्या पानांपर्यंत सगळीकडे धावत असतो. ज्यांना सुरुवातीपासून टेबलावर केक दिसायलाच हवा असतो, त्यांच्यासाठी थर्माकोलचा वरचा मजला फाँडंटने मढवून द्या आणि कापायचा खरा केक आत ठेवा. फाँडंटचं जड काम त्या थर्माकोलवर निर्धास्त करता येतं.

आतून येणारी ओल

व्हिप क्रीमवर फाँडंट पांघरणं हे दमट गावात करायचंच नाही. क्रीममध्ये पाणी भरपूर, फाँडंटला पाणी हवंच असतं, रात्रभरात ते ओढून घेतं आणि सकाळी खालून सुटलेलं असतं. फाँडंटने अख्खा केक झाकायचा असेल तर खाली गनाश. डार्क चॉकलेटला वजनाने दोन भाग चॉकलेट, एक भाग क्रीम. व्हाईटला तीनास एक. उन्हाळ्यात हेच अडीचास एक आणि चारास एक करा. गनाश लावून केक घट्ट झाला की मगच फाँडंट. व्हाईट गनाश जमत नसेल तर बटरक्रीम चालतं, पण लोणी उन्हाळ्याच्या उष्णतेत मऊ पडतं, त्यामुळे नुसत्या बटरच्या भरवशावर मे महिन्यात राहू नका.

ग्राहकाला क्रीमचाच केक हवा आणि वर नुसती फाँडंटची पानं, फुलं, बाळाचं नाव लावायचं, ही आपल्याकडची नेहमीची ऑर्डर. यासाठी साधी युक्ती आहे. कापलेला प्रत्येक तुकडा पूर्ण वाळवा आणि त्याच्या मागच्या बाजूला वितळलेल्या व्हाईट कंपाउंडचा ब्रशने हात फिरवा. चरबीचा थर पाणी आत येऊ देत नाही. नाव लावायचं असेल तर ते शेवटी, डिलिव्हरीच्या आधी.

याहून बरं म्हणजे हे तुकडे मॉडेलिंग चॉकलेटचे करणं. २०० ग्रॅम व्हाईट कंपाउंड वितळवायचं, ५० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज कोमट करून घालायचं, हळू हाताने, जेमतेम मिसळेपर्यंत ढवळायचं. जास्त ढवळलं तर तूप सुटतं. क्लिंगमध्ये गुंडाळून काही तास ठेवलं की मळता येतं. डार्क कंपाउंडला ग्लुकोज थोडं जास्त लागतं. फाँडंटपेक्षा ओल कमी धरतं, चव चांगली, आणि मुलं ताटात काढून ठेवत नाहीत. हाताच्या उष्णतेने मऊ पडतं एवढाच त्रास, तेव्हा मधूनमधून हात गार पाण्याने धुऊन कोरडे करायचे.

पुतळीची मान

पुतळी वाळली नसेल तर दव नसतानाही ती वाकते. २५० ग्रॅम फाँडंटला एक छोटा चमचा सीएमसी किंवा टायलोज पावडर पुरे. जास्त घातली की भेगा पडतात. आधी धड करा, बैठं करा आणि बूड रुंद ठेवा, सातव्या महिन्यातली बाई झोपाळ्यावर बसलेली छानच दिसते. धड एक दिवस वाळू द्या, मग डोकं. आधाराला टूथपिक किंवा तार घालू नका. लहान मुलं पुतळी उचलून थेट तोंडात घालतात. कच्च्या स्पॅगेटीची काडी धडातून मानेपर्यंत घाला, तेवढी भक्कम पुरते आणि चावली तरी इजा नाही.

पावसाळ्यात उघड्यावर पुतळी आठवडाभर ठेवली तरी वाळत नाही. बंद ओव्हनमध्ये फक्त आतला दिवा लावून ठेवा, तेवढ्या उबेने ती हळूहळू सुकते. ओव्हनच्या दारावर ठळक चिठ्ठी लावा, नाहीतर घरातलं कोणीतरी तो प्रीहीटला टाकतं. दिव्याची सोय नसेल तर एसी रात्रभर चालतो त्या बेडरूममध्ये ठेवा. जरीचा काठ रंगवताना पाण्यात रंग कालवू नका, काठ चिकट राहतो. तुपाचा अगदी पुसट हात देऊन कोरड्या ब्रशने सोनेरी डस्ट लावा. डबीवर खाण्यायोग्य असं स्पष्ट लिहिलेलं आणि घटकांची यादी छापलेलीच डस्ट घ्या. नुसतं ‘नॉन टॉक्सिक’ लिहिलेली डस्ट सजावटीची असते, खायची नाही. अशी डस्ट डोहाळजेवणाच्या केकवर मी जाऊ देत नाही, ग्राहकाने स्वतः आणून दिली तरी.

हिरवा रंग

गडद हिरवा सगळ्यात जास्त पसरतो, कारण तो आणायला जेलचा रंग भरमसाट घालावा लागतो. संध्याकाळी मध्यम हिरवा करून झाकून ठेवा, सकाळपर्यंत तो आपोआप एक-दोन छटा गडद होतो. निम्म्या रंगात काम होतं, जीभही हिरवी होत नाही. शक्य तिथे क्रीम फिकट पिस्ता ठेवा आणि गडद हिरवा फक्त साडीला, तीही मॉडेलिंग चॉकलेटची असेल तर रंग तेलात मिसळणारा वापरा, पाण्यातल्या जेलने चॉकलेट गोळा होतं.

केकच्या आत गुलाबी किंवा निळा रंग लपवून द्या, अशी मागणी परदेशातली रील बघून येते. भारतात गर्भलिंग सांगणं १९९४ च्या कायद्याने बंद आहे, ती ऑर्डर घ्यायची नाही. आत केशरी किंवा पिस्ता रंग द्या. पेढा-बर्फीचा खेळ हौसेला पुरेसा आहे.

हिरव्या बांगड्या आणि खरी फुलं केकवर लावायचा आग्रह असतो. काचेच्या बांगड्या क्रीममध्ये खोचू नका, टवका उडाला तर दिसतही नाही. बोर्डवर मांडा. बाजारातल्या गजऱ्यांवर आणि शेवंतीवर फवारणी असते, तीही बोर्डवरच. कण्हेर तर केकच्या जवळपासही नको, ती विषारी आहे.

केक बसतो किंवा सरकतो

इथे दोषी बहुधा रसमलाई. मऊ हवा म्हणून प्रत्येक थरावर वाटीभर केशरी दूध ओतलं जातं. सहा इंची थराला तीन-चार मोठे चमचे पुरतात, कडेला थोडं जास्त, मध्ये कमी. रसमलाईचे तुकडे हाताने पिळून, पेपर टॉवेलवर टिपून मगच भरा. कडेने घट्ट क्रीमचं कडं काढा आणि भरण त्याच्या आत. आंबा कच्चा न भरता थोडा आटवून गार करून भरा. ताज्या अननसाने जिलेटिन जमतच नाही, डब्यातला घ्या. थर रचून झाले की रात्रभर फ्रिजमध्ये बसू द्या, मग बाहेरचं क्रीम.

क्रीम स्वतःच ढासळत असेल तर ते कोणतं आहे ते बघा. छोट्या पॅकमधल्या २५ टक्के फॅटच्या फ्रेश क्रीमला उभं राहण्याइतकं फॅटच नसतं. नॉनडेअरी क्रीम फ्रीजरमधून काढून फ्रिजमध्ये सावकाश वितळवा, भांडं गार करा, आणि बीटरच्या रेषा उमटून टोक जरा वाकतं तिथे थांबा. पुढे गेलात तर छिद्रं पडतात. दोन चमचे न फेटलेलं क्रीम घालून हाताने हलकं मिसळलं की सुधारतं.

दोन मजली केकच्या खालच्या मजल्यात जाड स्ट्रॉ किंवा डॉवेल (आधाराच्या काड्या) हवेतच, आणि वरच्या मजल्याखाली स्वतःचा बोर्ड. गाडीत केक सीटवर ठेवू नका, सीट उतरती असते. पायाशी सपाट जागेवर, खाली रबरी मॅट.

हॉलवर घाम सुटलाच तर

हात लावू नका. टिश्यूने टिपलंत तर रंग निघतो आणि धागे चिकटतात. वरून पिठीसाखर किंवा कॉर्नफ्लोअर भुरभुरवलं तर पांढरे डाग कायमचे बसतात. पुन्हा फ्रिजमध्ये घालणं सर्वांत वाईट, बाहेर काढल्यावर दुप्पट दव बसतं. केक एसीच्या झोतासमोर किंवा टेबल फॅनसमोर न्या आणि अर्धा तास सोडा. पाणी उडून जातं, वरची साखर पुन्हा वाळते. चकाकी थोडी राहते, ती फोटोत खटकत नाही. उतरलेल्या रंगावर बारीक नोझलने दोन पानं किंवा मोगऱ्याच्या कळ्या काढा. छोटी पायपिंग बॅग, जास्तीचं क्रीम आणि एक वाळलेलं फूल सोबत नेलंत तर हे पाच मिनिटांचं काम आहे.

पुतळी आठवण म्हणून ठेवायची आहे, असं घरचे हमखास म्हणतात. चकती काढून घ्या, बुडाचं क्रीम कोरड्या सुरीने खरवडा, दोन दिवस एसी खोलीत वाळवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिकाच्या पुड्यांसकट ठेवा, उन्हापासून लांब. पुडी पावसाळ्यात दोन-तीनदा बदला, मुंग्यांसाठी डबा उंचावर ठेवा. मॉडेलिंग चॉकलेटची पुतळी मात्र उन्हाळ्यात टिकत नाही, ती आठवडाभरात खाऊन टाका.